फताटेवाडीचा धूर आणि जुनी थकबाकी

‘एक सोलापूरकर’ यांस,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार. तुमचं म्हणणं असं: कार्बनच्या वार्षिक उत्सर्जनात भारत जगात तिसरा, सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आपल्याच, मग हवामान परिषदांत जाऊन श्रीमंत देशांना ‘तुम्ही आधी धूर सोडलात’ हे रडगाणं किती दिवस गायचं आणि पैशांची भीक किती दिवस मागायची? वर आपले श्रीमंत गरिबांच्या आड लपतात, हेही तुम्ही सुनावलंत.

लपण्याचा मुद्दा आधी, कारण तो खराच आहे. आपलं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन माणशी वर्षाला २ टनांच्या आसपास, अमेरिकेचं १४ च्या. पण हे २ टन कुणाचे? सोलापूरच्या पूर्व भागात पत्र्याखाली विड्या वळणाऱ्या बाईचे तर नक्कीच नाहीत. पारा ४३ वर गेला तरी तिला पंखा लावता येत नाही. तंबाखू उडते, भिजवलेलं पान सुकून तडकतं. मजुरी हजारी विड्यांवर. उकाड्याने हात मंदावला की तेवढे पैसे गेले. तिच्यामुळे सरासरी खाली येते आणि ती सरासरी मिरवतात होटगी रोडचे बंगलेवाले. दिल्लीने परदेशात मागितलेला न्याय गल्लीतही लागू व्हायला हवा, इथवर आपलं एकमत.

पण म्हणून बाहेरचा हिशेब मिटला, हे कसं? तिसरा नंबर आहे तो वर्षाच्या धुराचा. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो, आणि तापमान चढतं ते या साठ्यामुळे. औद्योगिक क्रांतीपासूनच्या उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास पाव, आपला ३-४ टक्के. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व आलं ते याचसाठी, आणि त्या करारावर अमेरिकेचीही सही आहे. श्रीमंत देशांवर उत्सर्जन कपातीचं बंधन घालणाऱ्या १९९७ च्या क्योटो कराराला मात्र तिने शेवटपर्यंत मान्यता दिली नाही.

आता ‘भीक’. विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असा शब्द श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिला. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, त्यातही मोठा हिस्सा कर्जाचा. सीना नदीच्या पुरात ज्याची माती खरवडून गेली त्याच्या हातात मदत म्हणून कर्जाचा कागद ठेवला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १,३०० अब्ज डॉलर मागितले. ठरले वर्षाला ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत गाठायचे. निर्णयाचा हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत हरकत घेतली. मला ते नाटक वाटलं नाही.

फताटेवाडी बंद करा म्हणता. १,३२० मेगावॅटचं केंद्र, पाणी उजनी धरणाचं. दुष्काळी जिल्ह्यात ते बांधलं यावर मीही चिडतो. पण ते मुदतीआधी थांबवायचं तर तिथल्या कंत्राटी कामगारांचं काय, आणि बदली विजेसाठी स्वस्त भांडवल कुठून आणायचं? बाकूत वाद झाला तो अशाच पैशांवरून.

राहता राहिला तुमचा खवचट प्रश्न, माझ्या घरी एसी आहे का. हो, आहे. उत्सर्जनावर कर बसवायचा झाला तर विजेच्या बिलावर, वरच्या स्लॅबपासून सुरू करा. मी त्यात येतो, बहुधा तुम्हीही याल.