एक लाख वीस हजारांत पक्कं घर: करून तर बघा

गावात स्वस्तात घर बांधायचं ठरवलंत ना? मग आधी गरिबी मापात बसवून घ्या. घरातलं कोणीही महिन्याला 15 हजारांच्या वर कमावत असेल तर घरकुलाच्या, म्हणजे पंतप्रधान आवास योजनेच्या, यादीतून नाव गेलंच म्हणून समजा. पोरगा बुटीबोरीला कंपनीत लागला असेल तर त्याला 14,900 वर थांबायला सांगा, पगारवाढ नम्रपणे नाकारायला लावा. वावर असू द्या, पण ओलिताचं अडीच एकरांच्या आत आणि कोरडवाहू पाच एकरांच्या आत. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा 50 हजारांच्या खालीच ठेवा. बँकेनं त्याहून जास्त भरवसा टाकला तर तुम्ही श्रीमंत. फ्रिज आणि मोटरसायकल मात्र 2024 पासून माफ आहेत, त्यामुळे सर्वेक्षणाच्या दिवशी फ्रिज शेजाऱ्याकडे ढकलायची कसरत वाचली. ही सगळी गरिबी स्वतः नोंदवायची तर बऱ्या कॅमेऱ्याचा स्मार्टफोन लागतो, कारण आवास प्लस या सर्वेक्षणाच्या ॲपला आधी चेहरा दाखवावा लागतो.

मग जागा. गावठाणात नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीत, नाव असेल तर उत्तम. नसेल तर जागा खरेदीची वेगळी योजना आहे: 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत. हायवेला लागून या रकमेत प्लॉट देणारा भला माणूस तेवढा शोधून काढा.

आता हिशेब. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा. योजनेची मदत, केंद्र आणि राज्याचा वाटा मिळून, 1 लाख 20 हजार; गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला 10 हजार जास्त. भागून बघा: चौरस फुटाला 446 रुपये. हा आकडा 2016 चा. तेव्हापासून सिमेंट, गिट्टी, लोहा, मिस्त्रीची मजुरी सगळं हललं, आकडा मात्र अढळ राहिला. राज्यानं 2025 मध्ये त्यात 50 हजार घातले, पण त्यातले 15 हजार छतावर सौर पॅनेल लावणाऱ्याला. संडासाचे 12 हजार. रोजगार हमीच्या 90 दिवसांचे, 2025-26 च्या 312 रुपये दरानं, 28 हजार 80. म्हणजे आपल्याच घराची माती आपणच उपसायची आणि मजुरी खात्यात कधी येते ते बघत बसायचं. सगळं जमेला धरून 2 लाख 10 हजार होतात. कागदावर घर इथंच पूर्ण झालं.

पहिला हप्ता 15 हजारांचा. तो पायव्यासाठी, आणि पायव्यालाच आपल्या काळ्या मातीची गाठ पडते. ही माती पावसात फुगते, मे महिन्यात आकसते. भेगा इतक्या रुंद की हात आत जातो. तिच्यावर सरळ भिंत उभी केली की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते आणि दार अडायला लागतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. कुठं तो तीन फुटांवर लागतो, कुठं सहा फूट गेलं तरी काळीच. नाही लागला तर काळी काढून बाहेर टाकायची, सहा-सहा इंचांच्या थरानं मुरूम भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करायचा. जोत्यावर चारही बाजूंनी सळाखीचा पट्टा फिरवायचा, त्यालाच क्विंटलभर लोहा जातो. भिंतीभोवती अडीच-तीन फूट फरशी किंवा कोबा करायचा, म्हणजे वळचणीचं पाणी पायव्यात मुरणार नाही. हे सगळं पंधरा हजारांत. जमत नसेल तर पायवा दीड फुटावर थांबवा. पुढचा हप्ता फोटो बघून मिळतो, आणि फोटोत पायवा किती खोल ते दिसत नाही.

माल मोजून घ्या. नऊ इंची भिंती, मधली एक धरून, साधारण 7 हजार विटा खातात. वीट 6 रुपयांना मिळाली तरी 42 हजार गेले. सिमेंट सगळं मिळून 80 पोत्यांच्या आसपास. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्के झाला. दुकानदाराला तेवढं आठवण करून द्या, तो वाहतूक महागल्याचं सांगेल. रेतीची काळजी नको: घरकुलवाल्याला 5 ब्रास फुकट, आणि एवढ्या घराला तेवढी जेमतेम पुरते. फुकट रेतीच आहे, ट्रॅक्टर नाही. शिवाय ट्रॉलीवाल्याचा ब्रास आणि शंभर घनफुटांचा ब्रास यांत फरक असतो, तेव्हा ट्रॉलीत टेप टाका. रेतीघाट बंद असेल तर पावती जपून ठेवा. पावतीवर भिंत उभी राहत नाही, पण मनाला आधार मिळतो.

मुहूर्त चुकवू नका. वीटभट्ट्या पावसाळ्यात थंड, त्यामुळं मृगाच्या आधी सगळ्या गावाला एकाच मिस्त्रीची गरज लागते. तो चार घरं एकदम धरतो आणि प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा थापी दाखवून जातो. त्याच दिवसांत बियाणं-खताचे पैसे लागतात. हप्ता आणि पेरणी एकत्र आली तर हप्ता वावरात जातो. यात नवल काय?

स्लॅबला 20 ते 24 पोती सिमेंट आणि दोन-सव्वादोन क्विंटल सळाख. माल सरसर पसरावा म्हणून मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी मारायला मिस्त्रीला आवडतं. मारू द्या, म्हणजे छत गळेल आणि पुढच्या पिढीलाही काम राहील. नाही तर स्लॅबवर वाफे करून निदान दहा दिवस पाणी साचवून ठेवायचं. 45 अंशांच्या उन्हात, जिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं शेजाऱ्यांसमोर छपरावर तळं भरायला हिंमत लागते. स्लॅब परवडला नाही तर टीन टाका. दुपारी आत पापड वाळतात, गॅस वाचतो.

जुनं घर? ते कच्चं. कुडाची भिंत, बांबू, कापसाच्या पऱ्हाट्या, शेणमाती, वर कवेलू, म्हणजे कौलं. सामान बहुतेक वावरातलं नि जंगलातलं, हात घरचे. नवीन जोडप्याचं पहिलं घर म्हणून एका उन्हाळ्यात असं उभं राहत असे. आता कुंभार कवेलू पाडत नाही, बांबूला पैसे पडतात आणि हौस म्हणून तेच घर बांधायचं तर शहरातला आर्किटेक्ट बोलवावा लागतो. तो त्याला पर्यावरणपूरक म्हणतो आणि स्लॅबच्या दुप्पट बिल लावतो.

प्रत्येक टप्प्याला फोटो काढून घ्या: पायवा, लिंटेल, छत, आणि शेवटी संडासासकट पूर्ण घर, भिंतीवर योजनेचं नाव. ज्यानं फोटो काढायचा तो रजेवर असेल तर काम थांबवा. पुढं बांधून टाकलंत तर पायव्याचा फोटो कुठून आणणार?

हार्डवेअरवाल्याची उधारी राहील, ती कापसावर. 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागं 7,710 रुपये आहे, पण तो मिळायला खरेदी केंद्रावर नोंदणी, ओलावा तपासणी आणि गाडीची रांग. तोवर खेडा खरेदीवाला दारात उभा असतो, रोख घेऊन, हमीभावाच्या खाली. उधारीचं व्याज आणि भावातली घट यांत कमी कोण ते रात्री कागदावर मांडून बघा आणि कागद फाडून टाका.

राहता राहिला धाकटा. त्याचं लग्न झालं की 269 चौरस फुटांत दोन संसार मावणार नाहीत, आणि पक्क्या घरात राहणाऱ्याला घरकुल नाही. त्याची शिधापत्रिका आत्ताच वेगळी काढा आणि मागच्या अंगणात त्याला कुडाची खोली घालून द्या. जुने कवेलू विकू नका, पुढच्या सर्वेक्षणाला लागतील.