थाळी

जूनमध्ये पुण्यात पाऊस येवो न येवो, कॉलेजच्या बोर्डावर 'पुरुषोत्तमसाठी ऑडिशन' असा स्केचपेनने लिहिलेला कागद येतोच, आणि एफवायला असताना मी तो वाचला, इथूनच सगळं सुरू झालं. पहिल्याच मिटिंगला सिनियर लोकांनी भिंतीला टेकून इतिहास ऐकवला, की महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा सुरू केली, जब्बार पटेल काय, मोहन आगाशे काय, सगळे इथूनच पुढे गेले. त्या यादीत तिसरं नाव माझं टाकून बघितलं मी. वाईट दिसत नव्हतं.

ऑडिशनला "बाबा, डॉक्टर आलेत" एवढंच म्हणायचं होतं. तीन वेळा म्हणालो. डिरेक्टर टीवायचा, दाढीवाला (ह्या लोकांना दाढी आधी येते की डिरेक्शन, देव जाणे). तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू बॅकस्टेजला छान करशील रे."

बॅकस्टेज म्हणजे काय तर चौदा चहा आणायचे आणि पैसे बारा जणांचेच जमणार, लेव्हल (म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलायच्या, जो नट आला नसेल त्याच्या जागी खांबासारखं उभं राहायचं, आणि रात्री वॉचमनकाकांनी शिट्टी मारली की "काका फक्त दहा मिनिटं" हे दर दहा मिनिटांनी जाऊन सांगायचं. ७५ टक्के अटेंडन्सचा नियम कॉलेजने केला तेव्हा आमच्या तालमी त्यांच्या डोळ्यासमोर नसणार, नाहीतर मी पहिला आलो असतो.

मग जुलैत मला काम मिळालं. खरं काम. नाटकाच्या शेवटी बाबा जातात, स्टेजवर सगळे गप्प, आणि आत स्वयंपाकघरात आईच्या हातून थाळी पडते, त्या आवाजावर ब्लॅकआउट. स्पीकरवरचा आवाज डिरेक्टरला खोटा वाटायचा. "लाइव्ह पाहिजे," म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

आता थाळी शोधा. कँटीनची फार पातळ वाजायची, हॉस्टेलच्या मेसची प्लॅस्टिकची, तिचा तर टप्प असा आवाज. शेवटी घरची आणली, जाड स्टीलची, आई-बाबांच्या लग्नात आत्याने दिलेली, काठावर आत्याचं नाव आणि तारीख कोरलेली.

"नाटकात तुला काम काय आहे?" आईने विचारलं.

"थाळी पाडायचं."

"ते तर तू घरी पण करतोस."

महिनाभर रोज पाडली. कमरेच्या उंचीवरून, जरा तिरकी, म्हणजे आधी काठ आपटतो आणि मग ती गोल फिरत बसते. वर्गातल्या शहाबादी फरशीवर काय सुंदर वाजायची! पण स्टेज लाकडी, तिथे नुसता धप्प आवाज येईल, म्हणून माझ्याच डोक्यातून आयडिया निघाली की विंगेत कडप्प्याचा तुकडा ठेवायचा. तो तुकडा भर पावसात अॅक्टिव्हावर पायांमध्ये धरून मी सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरापर्यंत नेला. नडग्यांवरच्या खुणा अजून आहेत.

प्रयोगाच्या दिवशी हॉल खच्चून भरलेला, 'अरे आव्वाज कुणाचा' विचारून आपापल्या कॉलेजचं नाव ओरडणं चालू, तिसरी घंटा झाली आणि माझे हात गार. पन्नास मिनिटं मी थाळी छातीशी धरून उभा. बाबा गेले. शांतता. मी पाडली.

काहीच नाही.

अंधारात कोणीतरी कपडे बदलताना बाबांची गोधडी काढून नेमकी कडप्प्यावर टाकली होती. लाइटवाला क्यूची वाट बघतोय, स्टेजवर बहीण तिसऱ्यांदा आवंढा गिळतेय, आणि मला काय सुचलं तर मी तोंडाने मोठ्यांदा "ठण्ण!" असं ओरडलो. हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. मग घाबरून थाळी उचलून जोरात आपटली, ती उभी पडली आणि चाकासारखी घरंगळत विंगेतून थेट स्टेजवर गेली, बाबांच्या उशाशी जाऊन ठणणणण करत फिरत राहिली, आणि मेलेल्या बाबांनी एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. तेव्हा कुठे ब्लॅकआउट झाला.

अंधारात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे आव्वाज कुणाचा?"

अख्खा हॉल म्हणाला, "थाळीचा!"

अंतिम फेरी अर्थातच नाही. डिरेक्टर आठवडाभर बोलला नाही, नंतर बोलला ते इथे लिहिता येणार नाही. कडप्पा तिथेच विसरला, थाळी मात्र घरी आणली, काठाला चांगला पोचा आलेला, आत्याच्या नावाच्या बरोबर मधोमध. जेवायला घेतली की ती डुगडुगते आणि आमटी एका बाजूला जाऊन भातात शिरते. आई ती मुद्दाम मलाच वाढते.

गौरीला आत्या आली आणि गडबडीत नेमकी ती तिच्यापुढेच गेली. आत्याने बोटाने दोनदा हलवून बघितली, काठ चाचपला.

"अगं, हिला काय झालं?"

"काही नाही वन्सं," आई पुरण वाढता वाढता म्हणाली, "नाटकात होती."