दीड हातावरचं इंजिन

गोव्यात, पणजीसमोर बेतीला मांडवी नदीत नांगरलेली आमची 22 फुटी शिडाची बोट बघून लोकांना वाटतं, कोण तरी मोठा शौकीन माणूस दिसतो. ती सेकंडहँड घेतली तेव्हा तेवढ्या पैशात एक चांगली बुलेट आली असती आणि बायकोने हा विषय अजून सोडलेला नाही. असो. शीड आहे, सुकाणू आहे, आणि वारा पडला की घरी यायला मागे 9.9 हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. अमेरिकेत बऱ्याच तलावांवर 10 च्या खालचंच इंजिन चालतं म्हणून हे पॉइंट नऊ, पण मला दर वेळी बाटाच्या चपलेची किंमतच आठवते.

तर हे इंजिन बोटीच्या मागे, बाहेरच्या अंगाला ब्रॅकेटवर लटकलेलं असतं. गियरचा खटका त्याच्या अंगावर, थ्रॉटल त्याच्या दांड्याच्या मुठीत, स्कूटरसारखं पिळायचं. मी सुकाणू धरून बसतो तिथून हे सगळं दीड हात मागे आणि एक हात खाली. म्हणजे धक्क्याला लागायची वेळ आली, की जेव्हा माणसाने डोळ्यांत तेल घालून पुढे बघायला पाहिजे नेमकं तेव्हा मी पोटावर आडवा होऊन मागे वाकलेलो. धक्क्यावरच्या लोकांना आमच्या बोटीचा पुढचा भाग आणि माझा मागचा भाग एकदमच येताना दिसायचा.

मे महिन्यात एकदा न्यूट्रल समजून गियरमध्येच राहिली आणि धक्क्याच्या टायरावर अशी आपटली की तिथे गरवायला बसलेल्या म्हाताऱ्याचा गळ, आमिष आणि तोंडातली विडी तिन्ही पाण्यात. तो काही बोलला नाही. नुसता बघत राहिला, ते जास्त लागलं.

त्या रात्री ठरवलं, रिमोट कंट्रोल बसवायचा.

बायको म्हणाली, "म्हणजे आता सोफ्यावर बसून चालवणार का हो?" टीव्हीचा रिमोट नव्हे गं बाई, एक डबी असते, तिला एक दांडा. दांडा पुढे केला की आधी खट् करून गियर पडतो, आणखी पुढे केला की थ्रॉटल. मागे केला की रिव्हर्स. डबी माझ्या गुडघ्यापाशी आणि तिथून दोन केबली इंजिनापर्यंत, एक गियरची, एक थ्रॉटलची. झालं. दोन केबली लावायला असा किती वेळ लागतो.

(ओले एव्हिनरूड म्हणून एक माणूस होता अमेरिकेत. वल्ही मारत नेताना बायकोचं, तेव्हा अजून लग्न व्हायचं होतं म्हणे, तर तिचं आईस्क्रीम वितळलं म्हणून त्याने हे बोटीच्या मागे लावायचं इंजिन काढलं अशी गोष्ट सांगतात. 1909 पासून तो ती इंजिनं विकायला लागला. सांगायचा मुद्दा, या धंद्याचं मूळच आळसात आहे, मी एकटा नाही.)

जूनमध्ये बोट बाहेर काढून लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवली, वर निळी ताडपत्री. पावसाळ्यात तसंही आग्वादला, नदीच्या तोंडाशी, वाळूवर लाटा फुटतात, तिथून छोटी बोट बाहेर काढायचं धाडस करू नये. मेकॅनिक, आमच्याकडे मेस्त म्हणतात, गाठायला गेलो तर तो मालीमला, मच्छीमारांच्या धक्क्यावर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि त्या 61 दिवसांत अख्ख्या किनाऱ्याची इंजिनं उघडून पडलेली असतात, तेव्हा हौशी माणसाला कोण विचारतो. मेस्त ग्रीसचे हात पुसत म्हणाला, "फाल्यां यो, पात्रांव." म्हणजे उद्या या, साहेब. मी दुसऱ्या दिवशी गेलो. "फाल्यां यो." आठ दिवस गेलो. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की फाल्यां ही तारीख नाही, तो निरोप आहे.

मग भाच्याला बोलावलं. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मामा, सोप्पंय. यूट्यूबवर सगळं आहे."

पहिलं काम माप. केबल फुटावर मिळते आणि ऑर्डर दिली की परत घेत नाहीत. माप सरळ रेषेत घ्यायचं नसतं, डबीपासून कडेकडेने, कोपऱ्यातून, आडव्या लाकडाखालून, ज्या वाटेने केबल जाणार त्या वाटेने. वर कुठेही काटकोनात वळवायची नाही, निदान 8 इंच त्रिज्येचं तरी गोल वळण पाहिजे, नाहीतर आतली तार जड चालते. स्कूटरच्या ब्रेकची केबल नुसती ओढते. ही ओढतेही आणि ढकलतेही. ढकलायची म्हणजे आत जाड ताठ तार, आणि ताठ वस्तू घरात असो की बोटीत, वळायला तयार नसते. भाच्याने घरातून सुतळीचा गुंडा आणला, फुटाफुटावर गाठी मारल्या, त्या वाटेने फिरवली आणि दहाव्या गाठीवर म्हणाला, "10 फूट."

मुंबईहून 10 फुटी दोन केबली आल्या. बरोब्बर बसल्या. मग मी ब्रॅकेटचा खटका दाबून इंजिन वर उचललं, शीड लावल्यावर ते पाण्याबाहेर घ्यावंच लागतं ना, आणि ब्रॅकेट जसं वर जाईल तशा केबली ताणून टाइट आणि थ्रॉटल आपोआप फुल्ल. आम्ही माप घेतलं होतं इंजिन खाली असताना. 12 फुटी मागवल्या. त्या 10 फुटी आता माळ्यावर आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा.

दुसरं काम भोक. फायबरच्या बोटीला भोक पाडायचं म्हणजे काय ते ज्याने पाडलंय त्यालाच कळेल. आपल्याच पैशांनी घेतलेल्या होडीला आपल्याच हाताने. ड्रिल सुरू करून तीनदा बंद केली. चौथ्यांदा पाडलं ते चार बोटं चुकलं, कारण आतल्या बाजूला नेमकं आडवं लाकूड. आत प्लायवूड असतं, उघडं राहिलं तर पाणी शिरून कुजतं, म्हणून चुकलेलं भोक एपॉक्सीने भरायचं, पण एपॉक्सी आणायला जाईपर्यंत पाऊस आला तेव्हा त्यात फेणीच्या बाटलीचं बूच ठोकलं. इतकं फिट बसलं की मन भरून आलं. त्या कामातलं तेवढं एकच काम पहिल्या फटक्यात झालं. फायबरची बारीक कूस मात्र अंगाला अशी लागली की दोन दिवस मी दाराच्या चौकटीला पाठ घासत होतो.

मग खरा प्रकार. इंजिनाचा दांडा काढून तिथे किटमधली पट्टी, छोटे लिव्हर, त्यात केबलीची टोकं आणि प्रत्येक टोकाला एक स्प्लिट पिन. ही पिन म्हणजे काय, तर स्टीलची केसाच्या आकड्यासारखी, झुरळाच्या मिशीएवढी वस्तू. साधी लोखंडी चालत नाही, खाऱ्या हवेत महिन्यात गळून पडते. तर मी मागच्या कप्प्यात कमरेपर्यंत उलटा, पाय वर आभाळाकडे, टॉर्च दातांत, लाळ गळतेय, डाव्या हाताने लिव्हरचं भोक आणि केबलचं भोक एका रेषेत धरलंय, उजव्या दोन बोटांत पिन. भोक समोर दिसतंय. पिनचं टोक त्याला टेकलंसुद्धा. तेवढ्यात नाकावरून घामाचा थेंब चष्म्याच्या आतल्या बाजूने हळूहळू उतरला, नेमका त्या भोकावर येऊन थांबला, भोकाची दोन भोकं झाली, मी दुसऱ्यात पिन घातली. टिंग. मग पाणी जायच्या छिद्रातून खाली. मग चिखल.

अशा सात पिना गेल्या. खाली उभा राहून भाचा दर वेळी विचारायचा, "मामा, पडली का?" तोंडात टॉर्च असल्यामुळे मला जे उत्तर द्यायचं होतं ते देता आलं नाही, आणि ते बरंच झालं, बहिणीला तोंड दाखवायचंय.

पिन बसली म्हणून काम संपत नाही. डबीचा दांडा न्यूट्रलला, इंजिनाचा गियर न्यूट्रलला, आणि मग केबलच्या टोकाचं पितळी बोंडूक आटे फिरवत असं आणायचं की ते खिळ्यावर आपसूक बसलं पाहिजे, ओढायला लागता कामा नये. अर्धा आटा इकडे झाला की गियर अर्धवट अडकतो आणि इंजिन किरकिरतं, अर्धा आटा तिकडे गेला की न्यूट्रलच सापडत नाही. दोन रविवार त्या अर्ध्या आट्यात गेले. शेवटी मोठा निळा ड्रम कापून पाणी भरलं, इंजिनाचं बूड त्यात ठेवलं, सुरू केलं, दांडा पुढे, खट्, पाणी उसळलं. दांडा मागे, खट्, पाणी उसळलं. मामा-भाच्यांनी टाळी दिली. ड्रममधल्या पाण्याला पुढे काय आणि मागे काय, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एक तर इंजिनियर होणार आहे.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात. सुकती म्हणजे ओहोटी लागली होती, पावसाचं लाल पाणी समुद्राकडे ओढत होतं. मी कसा, ऐटीत ताठ बसलेला, एका हातात सुकाणू, दुसरा डबीवर. भाच्याने दोरी सोडली. मी दांडा पुढे केला. खट्.

बोट मागे निघाली.

मला वाटलं ओढ जास्त आहे. म्हणून आणखी पुढे केला. बोट आणखी जोरात मागे. "मामा, पुढे घ्या!" "अरे पुढेच आहे!" "आणखी पुढे!" आणि शहाणपणा बघा, मी खरंच आणखी पुढे केला. पाठीमागून पणजीची फेरीबोट बेतीला येत होती, कठड्याला सगळ्या स्कूटरी लावलेल्या आणि वर हेल्मेट घातलेली चाळीसेक डोकी आमच्याकडे वळलेली. फेरीवाल्याने भोंगा दिला. भाचा उठायला गेला आणि त्याचा पाय इंजिन बंद करायच्या लाल दोरीत अडकला, क्लिप निघाली, इंजिन गप्प. या लाल दोरीला मी आजवर फालतू समजत होतो. नांगर टाकला. फेरी गेली. हेल्मेटं वळून वळून बघत गेली.

झालं होतं असं की ती डबी बोटीच्या उजव्या भिंतीवर लावायच्या बेताने जुळवलेली, मी लावली डाव्या. बाजू बदलली की दांड्याचं पुढे हे केबलीच्या दृष्टीने मागे. संध्याकाळी मेस्त स्वतःहून आला, फेरीवर त्याचा जावई होता. डबी उघडली, आतला एक तुकडा काढून उलटा बसवला, पुन्हा बंद केली. दहा मिनिटं. पैसे घेतले नाहीत, नुसतं म्हणाला, "हें कोणें लायलें?" मी भाच्याकडे बघितलं. भाच्याने माझ्याकडे.

आता दांडा पुढे म्हणजे पुढे, मागे म्हणजे मागे, लोण्यासारखा चालतो. मेस्ताने चार वेळा हलवून बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "आनी चालू कशें करतलो?"

चालू. हो. चालू करायची ओढायची दोरी इंजिनाच्या डोक्यावर. चोक पण तिथेच. दीड हात मागे.

गेल्या रविवारी मी पोटावर आडवा होऊन मागे वाकलेलो असताना धक्क्यावर तोच म्हातारा गळ टाकून बसला होता. या वेळी विडी त्याने आधीच काढून खिशात ठेवली.

सेल्फ स्टार्टर बसवता येतो म्हणे. बॅटरी पुढे ठेवायची आणि तिथून जाड वायर मागे आणायची, वायर अर्थात फुटावर. पण सध्या चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, तोंडावर आली आहे आणि बायको माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायचं फळापानांचं छत, बांधायला सुतळी शोधत होती, तिला ती बोटीत सापडली, फुटाफुटावर गाठी मारलेली. सुपारीचा घड आता सातव्या गाठीला लटकतोय. विसर्जन झालं की सोडवून घेतो.