रेक्टरचं काम कुलूप-किल्लीपुरतं नाही

सर, निवासी शाळेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. रेक्टरचं, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्याचं, काम हजेरीचं आणि कुलूप-किल्लीचं, मी त्याला उगाच मोठं करते. आठवीतल्या लेकराला आईबापापासून तोडणं हाच अन्याय. आणि फोनसाठी फक्त रविवार ठेवणं म्हणजे कोंडवाडा. तुम्ही स्वतः वसतिगृहात राहिलात, तिथे मोठ्या मुलांचा मार खाल्लात, हेही लिहिलंत. म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी तोडण्याचं. आमच्या बीड जिल्ह्यात धारूर, पाटोदा, आष्टीकडची कित्येक गावं दिवाळीच्या आगेमागे ओस पडतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. त्या लेकरापुढे घर की वसतिगृह असा प्रश्नच नसतो. वसतिगृह की ऊसफडावरची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, एवढाच असतो. कोपीवर गेलेली तेरा-चौदा वर्षांची पोरगी भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते, मोळ्या वाहते. शाळा एकदा सुटली की घरात लग्नाचा विषय निघायला वेळ लागत नाही. तिला ठेवून घेणाऱ्या इमारतीला मी अन्याय म्हणणार नाही.

आता रेक्टरचं. शाळा सहा-सात तास भरते, उरलेले सतरा तास कोणाचे? थंडीत एखादी मुलगी रात्री बोटांच्या बेचक्या खाजवताना दिसते. खरूज. ती सांगत नाही, कारण उद्या पंगतीत शेजारी कोणी बसणार नाही याची तिला धास्ती असते. तिला एकटीला मलम देऊन भागत नाही. खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत लावावं लागतं, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात, नाहीतर खरूज फिरून येते. मग डॉक्टरांना विचारून, कोणाचंही नाव न घेता, आज अख्ख्या खोलीनं मलम लावायचं असं जाहीर करायचं. त्या मुलीची लाजही राखायची आणि रोगही घालवायचा. हजेरीच्या वहीत यातलं काहीच दिसत नाही.

तुम्ही खाल्लेल्या माराबद्दल वाचून फार वाईट वाटलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आहे. पण रात्रीचा मार बहुतेक वेळा शिक्षकांचा नसतो, वरच्या वर्गातल्या मुलांचा असतो. आणि जिथे मोठं माणूस त्या इमारतीत झोपत नाही तिथे तो हमखास होतो. म्हणून खोलीप्रमुख मुलीला मी दिवे, पाणी, झाडलोट यांची जबाबदारी देते. शिक्षा करण्याचा अधिकार तिला कधीच देत नाही. बारक्या मुलीकडून कपडे धुऊन घेतलेले दिसले तर त्याच दिवशी तिचं प्रमुखपद जातं.

फोनच्या बाबतीत तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. मुलींकडे मोबाईल नको, यावर मी ठाम आहे. रविवार हा मुलींनी घरी फोन करायचा वार. पण घरून येणाऱ्या फोनला वार नाही. गाडी भरून झाल्यावर बापाला रात्री अकराला फुरसत मिळाली, तर अकराला मुलीला उठवून बोलू द्यायचं.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एका शिक्षणसंस्थेच्या मंडळावर आहात आणि तिथल्या मुलींच्या वसतिगृहाचं काम गणिताच्या मॅडमकडे जादा म्हणून दिलेलं आहे. नवोदय विद्यालयांतही वर्षानुवर्षं शिकवणारे शिक्षकच हाऊसमास्टर, म्हणजे मुलांच्या राहण्याची जबाबदारी असलेले, राहिले आहेत, तेव्हा ही एकट्या तुमच्या संस्थेची गोष्ट नाही. पण दिवसभर तास घेऊन दमलेल्या बाईनं रात्री दोनला तापलेल्या पोरीच्या उशाशी बसावं आणि सकाळी पुन्हा फळ्यापुढे उभं राहावं, हे किती दिवस चालेल? येत्या बैठकीत तेवढा एक विषय घ्या: रेक्टरचं पद वेगळं, त्याला तास नाहीत, पगार शिक्षकाइतका आणि राहणं त्याच इमारतीत. जाहिरातीत कामाचं स्वरूप काय लिहावं याचा मसुदा हवा असेल तर मी आनंदानं करून देईन.