ड्यूक्लॉला रबर बँड बांधा म्हणे!

"कुत्र्याचं पाचवं नख, डॉक्टरांचा नवा धंदा" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या पेट ग्रुपवर फिरतोय. फिरेना का, रोज शंभर फिरतात. पण काल तो माझ्या आत्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "रबर बँड घरात आहे, रात्री बांधू का?" आत्या लालबागला राहते, तिच्या शेरू कुत्र्याचं पुढच्या पायाचं ड्यूक्लॉ, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूला वर असलेलं पाचवं नख, सारखं फाटतंय, डॉक्टर म्हणाले आता काढून टाकायचा विचार करू, आणि बाई घाबरून बसलीय. अशा घाबरलेल्या माणसालाच हे फॉरवर्ड बरोबर गाठतात.

मेसेजचं म्हणणं असं: ड्यूक्लॉ म्हणजे कातडीला लटकलेलं बिनकामाचं नख, त्याला घट्ट दोरा नाहीतर रबर बँड बांधा, आठवड्यात गळून पडेल. भूल दिली तर कुत्रं उठेल याची गॅरंटी नाही. दुखलं तर अर्धी कॉम्बिफ्लाम द्या, हळद लावा, चाटू द्या, लाळेत औषध असतं. आणि रोज डांबरी रस्त्यावर फिरवलं की नख आपोआप झिजतं, कापायची भानगडच नको.

आधी रबर बँड, कारण जीव त्यात जाणार आहे. पुढच्या पायाचं ड्यूक्लॉ हा कुत्र्याचा अंगठा आहे. आत हाडं आहेत, सांधा आहे, स्नायूबंध जोडलेले आहेत. चाचपून बघा, हाताला लागतं. हाडूक चघळताना कुत्रं ते दोन्ही अंगठ्यांनी कसं धरतं तेही बघा आणि मग बिनकामाचं म्हणा. आता याला रबर बँड आवळला की काय होतं? हाड काही तुटत नाही. रक्त अडतं, पुढचा भाग सुजतो, बँड कातडीत रुतत जातो आणि केसाखाली दिसेनासा होतो. मांस सडायला लागतं, वास येतो, माशा बसतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्या जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जखमेत वळवळणारे किडे ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. हे सगळं भुलीशिवाय, दुखणं थांबवायच्या औषधाशिवाय, दिवसच्या दिवस. आणि शेवटी ऑपरेशन होतंच, फक्त ते सडलेल्या पायावर होतं. विश्वास नसेल तर मेसेज लिहिणाऱ्याने तोच बँड स्वतःच्या करंगळीला तीन वेढे मारून दहा मिनिटं बसून दाखवावं. बाय द वे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याचा अवयव असा तोडणं गुन्ह्यात येतं. मूळ कायद्यात पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये आहे ही वेगळी लाज.

लोक रबर बँडकडे वळतात ते भुलीच्या भीतीने. भीती मी समजू शकते, पण आकडे बघा ना. ब्रिटनमध्ये ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी ९८ हजारांहून जास्त कुत्र्यांची भूल तपासली, २००८ मध्ये ते छापून आलं. तब्येतीने ठीक असलेल्या कुत्र्यांत भुलीमुळे मृत्यू साधारण १८५० मागे १. आधीच आजारी असलेल्यांत मात्र ७५ मागे १. म्हणजे "भूल दिली की कुत्रं मरतं" हे खोटं, पण "कुठल्याही कुत्र्याला कशीही भूल द्या" हेही नाही. आकडे तिकडचे आहेत, इकडे क्लिनिक-क्लिनिकमध्ये फरक आहे, म्हणून आपण विचारायचं: आधी रक्त तपासणार का? भूल चालू असताना फक्त कुत्र्यावर लक्ष ठेवणारं माणूस वेगळं असेल का? शुद्धीवर येताना कोण बसणार? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि त्याच अभ्यासात जवळपास निम्मे मृत्यू ऑपरेशन संपल्यानंतरचे होते, त्यातले बरेच पहिल्या ३ तासांत. या प्रश्नांवर डॉक्टर वैतागले तर दुसरे डॉक्टर बघा, मुंबईत कमी नाहीत, अगदीच कळेनासं झालं तर परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

कॉम्बिफ्लाम. नाही. अर्धी नाही, पाव नाही. त्यात आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतं, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडन्या जातात, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हर. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी मिळतात, ती वजन बघून डॉक्टर देतात. कोणी आधीच गोळी दिली असेल तर उलटी होते का, शी काळी होते का याची वाट बघत बसू नका, लगेच न्या.

हळद-लाळेबद्दल फार लिहीत नाही. चाटल्याने टाके सुटतात, जखम चिघळते, म्हणून तर गळ्यात तो प्लॅस्टिकचा शंकू, कोन, घालतात. नख फाटून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटं नीट दाबून धरा, लटकणारा तुकडा घरी ओढू नका आणि दवाखाना गाठा.

डांबरी रस्त्याचं मात्र गमतीशीर आहे, कारण बाकीची नखं खरंच झिजतात. ड्यूक्लॉ चालताना जमिनीला लागतच नाही, मनगटापाशी वर असतं, ते झिजणार कशाने? म्हणून तेच वाढतं, वळतं आणि अडकतं. आमच्याकडे बेल वाजली की कुत्रं सेफ्टी डोअरवर उड्या मारतं, त्या जाळीच्या भोकात हे वळलेलं नख बरोबर बसतं, कुत्रं पाय खेचतं आणि नख मुळापासून उचकटतं. शेरूचं हेच होतं. फाटलेलं नख परत यायला महिने लागतात आणि कधी कधी वाकडंच येतं, म्हणजे पुन्हा अडकायला मोकळं. अशा वेळी दर दोन-तीन आठवड्यांनी टोक कापणं आणि दाराला खालून अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावणं एवढ्याने अर्ध्या कुत्र्यांचं ऑपरेशन टळेल असं माझं मत आहे.

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल, जिवावर येतंय पण करते. मागच्या पायाला ड्यूक्लॉ असलं तर बऱ्याच कुत्र्यांत ते खरंच कातडीला लोंबकळत असतं, आत हाडाचा सांधा नसतो. मेसेजवाल्याने कुठेतरी हे वाचलं आणि चारही पायांना लावलं. आणि हो, काही डॉक्टर एकदा नख तुटलं की लगेच काढूया म्हणतात, तेही होतं. पण त्याला उत्तर दुसरं ओपिनियन, रबर बँड नव्हे.

आत्याला मी सांगितलंय ते असं. आधी एक्स-रे काढ, आतलं हाड मोडलंय का, हाडात इन्फेक्शन गेलंय का ते कळेल. शेरू आता म्हातारा होतोय, नखाच्या मुळाशी गाठ किंवा न भरणारी सूज असेल तर ती कॅन्सरचीही असू शकते, मग काढायला उशीर करायचा नाही आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचा, डॉक्टर विसरले तर आपण आठवण करायची. एकाऐवजी अनेक पायांची नखं गळायला लागली तर तो आजारच वेगळा, एक अंगठा कापून काही होणार नाही. यातलं काहीच नसेल तर आधी दोनेक महिने नख कापत राहा आणि दाराचं बघ. तरी फाटलंच तर काढ, तेव्हा काढणं चूक नाही, दर वेळी रक्तबंबाळ होण्यापेक्षा एकदाचे टाके परवडले. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. फिरवायला खाली नेताना बँडेज भिजू नये म्हणून त्यावर सलाईनची रिकामी पिशवी बांधायची, आणि वर आलं की ती लगेच सोडायची, दिवसभर ठेवली तर आत घाम धरून जखम कुजते.