आधी उंदीर व्हा

गुडघे दुखतात म्हणून तुम्ही चार वर्षं मेडिकलमधून 'ती नेहमीची' डिक्लोफेनॅक आणून सकाळ-संध्याकाळ घेताय, आणि आता कुणीतरी किडनीची भीती घातलीय. घाबरू नका. गोळी तर मुळीच सोडू नका. घेटुळीचा काढा सुरू करा. घेटुळी म्हणजे पुनर्नवा. नावातच 'पुन्हा नवी' म्हटलंय, आणखी कसला पुरावा हवा?

पुरावाही आहे म्हणा. फक्त तो लागू पडायला आधी उंदीर व्हावं लागतं. पोत्यामागचा नव्हे; पांढरा, लाल डोळ्यांचा, विस्टार जातीचा, वजन २०० ग्रॅमच्या आसपास. (तुमचं ७२ किलो आहे, तेवढं बघा.) मग आठवडाभर रोज जेंटामायसिन (जादा झालं की किडनी बिघडवणारं अँटिबायोटिक) टोचून घ्या, किलोमागे ८० ते १०० मिलिग्रॅम. माणसाला डॉक्टर किलोमागे ५-७ मिलिग्रॅमवर भागवतात, पण ते पडले चिकट. घेटुळीचा अर्क बहुतेक वेळा इंजेक्शनच्या आधीपासून, नाहीतर सोबत पाजतात. म्हणजे किडनी कधी बिघडणार याचा मुहूर्त आधी काढून ठेवा. शेवटी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळेनाशी झाली की साचणारा कचरा) मोजतात आणि किडनीचे काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात. नंतर घरी सोडत नाहीत, पण काप छान निघतात.

'झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो' हे बिनधास्त म्हणा. ब्रसेल्समध्ये मात्र जरा हळू. १९९०च्या सुमारास तिथे वजन उतरवायला बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. त्यांत एका मुळीच्या जागी भलतीच, ॲरिस्टोलोकियाची, मुळी आली. कित्येकींच्या किडन्या गेल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. आपली सापसण त्याच कुळातली. पण तुमचा काढेवाला ओळखीचा आहे ना, मग झालं!

डिक्लोफेनॅक दिलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन संपत आली, तेव्हा २००६ मध्ये सरकारने ते जनावरांसाठी बंद केलं. गिधाडांना वेळेवर काढा पाजणारं कुणी भेटलं नाही, दुसरं काय.

डॉक्टरांनी 'आणखी काय घेता?' विचारलं तर काढ्याचं नाव काढू नका, ते औषध थोडंच आहे! क्रिएटिनिन जरूर तपासा. किडनीचं जवळजवळ निम्मं काम बंद पडेपर्यंत ते पुष्कळदा नॉर्मलच येतं. तोवर गुण काढ्याचा. वाढलंच, तर लॅब बदला.