दीड हजारात इअरबड घेण्यापेक्षा वायरचे इअरफोन घ्या

"मामा, दीड हजारात गाणी ऐकायला आणि गेम खेळायला चालतील असे इअरबड सांग," असे भाच्याने गेल्या आठवड्यात विचारले. मी वायरचे इअरफोन सुचवले आणि त्याचा चेहरा पडला. त्याला जे समजावून सांगितले तेच येथे लिहितो, कारण रत्नागिरीच्या बाजारात हाच प्रश्न घेऊन उभी असलेली पुष्कळ मुले मला दिसतात.

ब्लूटूथवरून आवाज पाठवताना फोन तो आधी दाबून लहान करतो, मग पाठवतो आणि इअरबड तो पुन्हा उलगडतात. एसबीसी या सर्वसाधारण पद्धतीत या साऱ्याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. व्हिडिओ पाहताना हा उशीर जाणवत नाही, कारण बहुतेक अ‍ॅप चित्रही तेवढेच मागे ठेवतात. गेममध्ये तशी सोय नसते. बीजीएमआय या गोळीबाराच्या मोबाइल गेममध्ये शत्रूच्या पावलांचा आवाज कानात पोहोचेपर्यंत तो दारातून आत आलेला असतो. खोक्यावरच्या 'गेमिंग मोड'मुळे उशीर कमी होतो हे खरे, परंतु आवाज साठवून ठेवण्याची मुभाही त्यामुळे घटते आणि स्वस्त इअरबडमध्ये तो मधूनमधून तुटू लागतो. शिवाय सोबत्यांशी बोलण्यासाठी इअरबडचा माइक सुरू केला की ब्लूटूथ बहुधा फोन-कॉलच्या पद्धतीवर जाते आणि सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा बसका होतो. पाऊल डावीकडे वाजले की उजवीकडे, हेही मग कळत नाही.

वायरमध्ये यातले काहीच घडत नाही. शिवाय दीड हजारात तीन बॅटऱ्या, ब्लूटूथची चिप आणि चार्जिंगची डबी बसवल्यावर प्रत्यक्ष आवाजासाठी किती पैसे उरणार, याचा विचार करावा.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे आणि ती मी स्वतः भोगली आहे. दोन पावसाळ्यांनंतर माझ्या इअरबडचा उजवा भाग चार्ज होईनासा झाला; डबीतल्या पिनांवर हिरवट थर चढला होता. दुरुस्ती होत नाही, नवीनच घ्या, असे मला सांगण्यात आले. खोक्यावर पाण्यापासूनच्या बचावासाठी लिहिलेले आयपीएक्स४ म्हणजे गोड्या पाण्याच्या शिंतोड्यांची चाचणी; खारी हवा आणि घाम यांची हमी त्यात नसते. वायरच्या जॅकवरही थर चढतो, मात्र तो कोरड्या फडक्याने पुसता येतो.

वायरचा खरा दोष म्हणजे ती जॅकजवळ तुटते. म्हणून केबल सुटी होणारे, ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांचे इअरफोन घ्यावेत, म्हणजे तुटल्यावर केवळ केबल बदलता येते. फोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक नसेल, तर आत डॅक (फोनमधल्या डिजिटल आवाजाचे इअरफोनला लागणाऱ्या विद्युत लहरींत रूपांतर करणारी चिप) असलेला टाइप-सी अ‍ॅडॉप्टर घ्यावा. डॅक नसलेला अनेक फोनवर चालत नाही. ड्रायव्हर, म्हणजे इअरफोनमधला आवाज काढणारा छोटा स्पीकर, दहा मिलिमीटरचा की तेरा, यावरून आवाज ठरत नाही. कानात नीट बसणारे रबरी बोळे मात्र फार महत्त्वाचे असतात. ते सैल असले की ढोलकीचा घुमारा ऐकूच येत नाही आणि आपण उगाच आवाज वाढवत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, पण ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या चार तासांवर येते.

रेल्वेने नेहमी मुंबईला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातली सलग घरघर चांगले नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारी इअरबडमधली सोय, बरीच कमी करते, तथापि त्यासाठी दीड हजारांहून बरेच अधिक मोजावे लागतात.

भाच्याने अखेर वायरचेच घेतले आणि मोठ्या मापाचे बोळे लावल्यावर त्याला ते पटले. दोन पिनांची केबल सुटी मिळणारे दुकान रत्नागिरी किंवा चिपळूणमध्ये कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.